प्राण, प्राणवायू आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

ऑक्सिजनला मराठीत ‘प्राणवायू’ म्हणतात. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो एक पारिभाषिक शब्द आहे आणि भाषांतराच्या गरजेतून योजला गेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. नत्रवायू, उज्जवायू ही त्याची भावंडे पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फारशी पडली नाहीत. प्राणवायू मात्र वर्तमानपत्रांत, दवाखान्यांत, व्याख्यानांत आणि घरगुती बोलण्यात सहज रुळला. या लेखात आम्हांला त्या शब्दाने आपल्या श्वासविषयक समजुतींना दिलेल्या वळणाचा आणि त्या वळणाच्या विरुद्ध दिशेने गेलेल्या एका मराठी संशोधनाचा इतिहास मांडावयाचा आहे.

त्याचे निमित्त एका उपचारपद्धतीचे आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस (यापुढे ‘एमएस’) हा मेंदू व मज्जारज्जू यांचा दीर्घकालीन विकार. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मज्जातंतूंवरील मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. परिणामी संदेशवहन मंदावते वा खंडित होते. पाय जड होतात, तोल जातो, दृष्टी अंधुक होते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली या विकाराचे पहिले सुसंगत वर्णन केले. अशा रुग्णांच्या हालचालीत सुधारणा व्हावी म्हणून त्यांना थोडा थोडा वेळ, मोजून मापून, कमी ऑक्सिजन असलेली हवा श्वसनासाठी द्यावी, असे प्रयोग अलीकडच्या काळात सुरू झाले आहेत. ही कल्पना मराठी कानाला विपरीत वाटते. रुग्णाला प्राणवायू द्यावयाचा असतो, तो काढून कसा घ्यावयाचा? हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच भाषेचाही आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. इंग्लंडमध्ये प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये हा वायू वेगळा केला, तेव्हा त्याचे नाव निराळेच होते. ‘फ्लोजिस्टन’ नावाचे एक काल्पनिक ज्वलनतत्त्व वजा झालेली हवा, अशा अर्थाचे ते होते. पुढे लाव्हाझिए यांनी ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. ग्रीक धातूंवरून त्याचा अर्थ होतो ‘आम्ल निर्माण करणारा’. सर्व आम्लांत हा वायू असतोच, अशी लाव्हाझिए यांची समजूत होती. ती चुकीची ठरली. १८१० मध्ये डेव्ही यांनी मीठाच्या आम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवले. सिद्धान्त गेला, नाव राहिले. जर्मन भाषेतील ‘झाउअरश्टॉफ’, बंगालीतील ‘अम्लजान’ आणि जपानीतील ‘सान्सो’ हे शब्द त्याच चुकलेल्या सिद्धान्ताचे वारस आहेत. एकोणिसाव्या शतकातील चिनी भाषांतरकारांनी मात्र ‘पोषण करणारा वायू’ अशा अर्थाचा शब्द निवडला. विसाव्या शतकात डॉ. रघुवीर यांनी हिंदीसाठी ‘जारक’ हा शब्द सुचवला. तो कोशातच राहिला.

मराठीने घेतलेला मार्ग चिनी भाषांतरकारांच्या मार्गाजवळचा आहे. वायूची रासायनिक ओळख सांगण्याऐवजी त्याचे जीवनातील कार्य सांगणारा शब्द आपण पसंत केला. अध्यापनाच्या दृष्टीने ही निवड उत्तमच होती, कारण ज्याला रसायनशास्त्राचा गंध नाही त्यालाही हा वायू कशासाठी लागतो ते नावावरूनच कळावे. परंतु एक अडचण होती. ‘प्राणवायू’ हा शब्द रिकामा नव्हता. योग आणि आयुर्वेद यांच्या परिभाषेत प्राण, अपान, समान, उदान आणि व्यान असे पाच वायू मानले आहेत, आणि त्यांपैकी पहिल्याचे नाव प्राणवायू. वाग्भटाने त्याचे स्थान मस्तकात सांगितले आहे, योगग्रंथांच्या परंपरेत ते हृदयात मानले जाते. स्थानाविषयी मतभेद असला तरी हा वायू म्हणजे हवेतील एखादा घटक, अशी कल्पना त्या शास्त्रांत नाही. तो देहातील व्यापारांना चालना देणाऱ्या शक्तीचा एक प्रकार आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे जे विस्तृत वर्णन येते, त्यातही पवनाला महत्त्व आहे ते त्याच्या गतीमुळे, वळणामुळे आणि लय पावण्यामुळे. बाहेरून किती घेतला या हिशेबामुळे नव्हे.

याला एक अपवाद सांगितला पाहिजे. शार्ङ्गधराच्या आयुर्वेदीय संहितेत प्राणवायू कंठातून बाहेर जाऊन आकाशातील अमृत पितो आणि परत येऊन देहाला तृप्त करतो, असे एक सुंदर वर्णन आहे. आधुनिक काळातील अनेक वैद्यांनी ते ऑक्सिजनचेच वर्णन मानले. तथापि त्या वर्णनातही प्राणवायू हा पिणारा आहे, प्यायला जाणारा पदार्थ नाही. आधुनिक मराठीने पिणाऱ्याचे नाव पेयाला दिले, असे म्हणता येईल.

या नामांतराचा परिणाम दूरवर पोहोचला. प्राण हा शब्द ऑक्सिजनशी जोडला गेल्यावर प्राणायाम म्हणजे अधिक ऑक्सिजन घेण्याची युक्ती, असे समीकरण आपोआप तयार झाले. ‘दीर्घ श्वास घ्या, भरपूर प्राणवायू मिळेल’ हे वाक्य शाळेच्या मैदानापासून वृद्धांच्या हास्यमंडळापर्यंत सर्वत्र ऐकू येते. श्वासाचे मोल त्याच्या साठ्यावरून ठरू लागले.

रायगड जिल्ह्याच्या भूगोलातच या समजुतीची एक चांगली कसोटी आहे. अलिबाग, किहीम, नागाव, मुरूड ही किनारपट्टी आणि माथेरानचे पठार ही दोन्ही ठिकाणे मुंबईकरांच्या हवापालटाची. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचले, आणि तेव्हापासून तेथील हवेची कीर्ती वाढत गेली. आजारातून उठलेल्या माणसाला माथेरानला न्यावे, तेथे शुद्ध हवा आणि भरपूर प्राणवायू मिळतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. वस्तुस्थिती अशी, की हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण किनाऱ्यावर आणि डोंगरावर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. उंचीबरोबर हवेचा दाब मात्र कमी होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानला तो किनाऱ्यापेक्षा नऊएक टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे अलिबागहून माथेरानला गेलेल्या माणसाला प्रत्येक श्वासात किंचित कमीच ऑक्सिजन मिळतो, आणि तरीही त्याला बरे वाटते. बरे वाटण्याची कारणे थंडावा, धूळधुराचा अभाव, चालणे, झोप आणि विश्रांती ही आहेत. श्रेय मात्र प्राणवायूला जाते.

एमएसच्या रुग्णांच्या बाबतीत हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. शरीराचे तापमान वाढले की या विकाराची लक्षणे तात्पुरती बळावतात, हे जर्मन नेत्रवैद्य उटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आवरण गमावलेल्या तंतूंतून होणारे संदेशवहन उष्णतेने आणखी क्षीण होते. कोकणपट्टीचा एप्रिल-मे महिन्यांतील दमट उकाडा ज्याने सोसला आहे, त्याला अशा रुग्णाची स्थिती समजेल. घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, आणि सकाळी चालू शकणारा माणूस दुपारी उठू शकत नाही. अशा रुग्णाला डोंगरावर बरे वाटले तर कारण थंडाव्यात शोधावे लागेल. प्राणवायूला श्रेय देणारे कुटुंब त्याच्यासाठी सिलिंडर आणील. कारण ओळखणारे कुटुंब पंखा, ओला पंचा आणि दिवसाच्या कामांचे वेळापत्रक यांकडे लक्ष देईल.

किनाऱ्यावरून खोपोलीला येऊन बोरघाट चढला की लोणावळा लागते. तेथील कैवल्यधाम या संस्थेने या समजुतीला पहिला शास्त्रीय छेद दिला. संस्थेचे प्रवर्तक स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. संस्कृतचा त्यांचा व्यासंग शालेय वयापासूनचा होता. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले, आणि मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे. खानदेशात अंमळनेर येथे ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात होते. माणिकरावांची तालीम, माधवदासजींची साधना आणि राष्ट्रीय चळवळीने दिलेली आधुनिकतेची ओढ असे तीन संस्कार त्यांच्यात एकत्र आले.

योगाच्या फलश्रुतीवर केवळ परंपरेच्या आधारे विश्वास ठेवणे त्यांना पटेना. योगक्रिया करताना शरीरात प्रत्यक्ष काय घडते, ते यंत्रांनी मोजावे, असे त्यांनी ठरवले. १९२३-२४ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीत पोटाच्या पोकळीत दाब कमी होतो हे त्यांना आढळले, आणि या अंशतः निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्यात एका बाजूला प्रयोगांची कोष्टके व आलेख आणि दुसऱ्या बाजूला आसनांची सचित्र वर्णने छापली जात. नियतकालिकांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीही त्याच्याकडे लक्ष द्यावे असे ते आहे.

१९३० च्या दशकाच्या आरंभी कुवलयानंदांनी प्राणायामातील वायूंची देवाणघेवाण मोजण्यास सुरुवात केली. श्वासातून किती ऑक्सिजन शोषला जातो आणि किती कर्बद्विवायू बाहेर टाकला जातो, हा प्रश्न होता. प्राणायामात शरीराला नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो, ही समजूत त्यांच्या मापनांत टिकली नाही. मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेणारा माणूस पूरक, कुंभक आणि रेचक यांच्या दीर्घ आवर्तनात एकदोनच श्वास घेतो. प्रत्येक श्वास मोठा असला तरी एकूण हिशेब वाढत नाही. प्राणायामाचे खरे मूल्य ऑक्सिजनमध्ये नसून मज्जासंस्थेवरील परिणामात आणि तिच्या शिक्षणात आहे, असा निष्कर्ष त्यांनी आपल्या लेखनात मांडला.

या निष्कर्षाचे धैर्य आज लक्षात येणे कठीण आहे. योगाला आधुनिक प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहणाऱ्या माणसाला ‘प्राणायाम म्हणजे ऑक्सिजन’ हे समीकरण किती सोयीचे होते! ते लोकांना पटलेले होते, भाषेतच वसलेले होते, आणि त्याला पाश्चात्त्य विज्ञानाचा साजही होता. आपल्याच विषयाची ही आयती जाहिरात कुवलयानंदांनी मापनाच्या आधारे नाकारली.

त्याच सुमारास मूळचे केरळचे आणि अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे कोवूर बेहानन लोणावळ्याला कुवलयानंदांकडे राहून योग शिकले. त्यांचे योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावरील पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. येलमध्ये त्यांच्यावर झालेल्या मापनांत उज्जायीच्या वेळी ऑक्सिजनचा खप २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेच्या वेळी १८.५ टक्क्यांनी आणि कपालभातीच्या वेळी १२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वरवर पाहता हे कुवलयानंदांच्या विरुद्ध जाते. पण खप वाढला याचा अर्थ साठा वाढला असा नव्हे. श्वासाचे स्नायू जोराने काम करू लागले की ते स्वतःच अधिक ऑक्सिजन वापरतात. जिना चढल्यानेही खप वाढतो, आणि कितीतरी अधिक.

मुळात निरोगी माणसाच्या शरीरात जास्तीचा ऑक्सिजन साठवण्याची सोयच नाही म्हणावी इतकी थोडी आहे. समुद्रसपाटीवर साधा श्वास घेताना फुप्फुसांतून निघालेल्या रक्तातील हिमोग्लोबिन सुमारे ९७ ते ९८ टक्के भरलेले असते. जोरजोराने श्वास घेऊन त्यात फार तर एकदोन टक्क्यांची भर पडेल. उलट रक्तातील कर्बद्विवायू मात्र झपाट्याने घटतो, त्यामुळे मेंदूकडील रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि चक्कर येते. भरपूर प्राणवायू घेण्याच्या प्रयत्नात मेंदूला होणारा रक्तपुरवठा कमी होतो, हा त्यातील विरोधाभास आहे.

कैवल्यधामातील संशोधन कुवलयानंदांच्या निधनानंतरही (१८ एप्रिल १९६६) चालू राहिले. भूमिगत समाधी हा आपल्याकडचा जुना कुतूहलाचा विषय. योगी स्वतःला जमिनीत पुरून घेतो आणि काही तासांनी वा दिवसांनी जिवंत बाहेर येतो, अशा कथा व प्रात्यक्षिके यांना तोटा नव्हता. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांनी रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत ठेवून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. लोणावळ्याला करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांनी हवाबंद खड्डा तयार करून त्यात राहणाऱ्या माणसांचा अभ्यास केला आणि तो १९६८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. बंद जागेत वेळ जाईल तसा ऑक्सिजन कमी होत जातो आणि कर्बद्विवायू वाढत जातो. शरीर त्याला कसे तोंड देते, हा प्रश्न होता. चमत्काराच्या विषयाला वायूमापनाच्या कोष्टकात आणून बसवणे हेच या कामाचे मोठेपण आहे.

येथे शरीरशास्त्रातील एक गोष्ट सांगावी लागते, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. गुदमरल्याची जी असह्य भावना होते, ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे, तर कर्बद्विवायू वाढल्यामुळे होते. नाक दाबून श्वास रोखला तर एकाच वेळी ऑक्सिजन घटतो आणि कर्बद्विवायू साचतो. यंत्रातून कमी ऑक्सिजनची हवा घेतली तर ऑक्सिजन घटतो, पण कर्बद्विवायू उच्छ्वासाबरोबर बाहेर पडत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ‘कमी प्राणवायू’ वाटतील. शरीराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. कोविडच्या साथीत ऑक्सिजनची पातळी धोक्याच्या खाली गेलेले काही रुग्ण शांतपणे बोलत बसलेले दिसत, त्याचे एक कारण हेच होते.

आता एमएसकडे परत येऊ. हा विकार मुख्यतः उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका येथील समजला जाई, आणि भारतात तो विरळ मानला जात होता. डॉ. नोशिर वाडिया आणि के. पी. भाटिया यांनी १९९० मध्ये भारतातील पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात आढळतो असे दाखवून दिले. मुंबईत १९८५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. चुंबकीय प्रतिमांकनाची यंत्रे आल्यावर निदान वाढले, आणि सर्वच समाजांतील रुग्ण समोर येऊ लागले. मराठीत या विकाराला आजही सर्वमान्य नाव नाही. ज्या आजाराला आपल्या भाषेत नाव नाही, त्याचे रुग्ण आपली अवस्था शेजाऱ्याला समजावतानाच थकून जातात. ‘अशक्तपणा आहे’, ‘वाताचा त्रास आहे’ अशी उसनी नावे पुढे केली जातात, आणि मग उपचारही त्या उसन्या नावांचेच सुचवले जातात. ‘प्राणायाम करा, प्राणवायू वाढेल’ हा त्यांतील सर्वांत सद्‌हेतूचा सल्ला.

जास्त ऑक्सिजनने एमएस सुधारेल, ही आशा केवळ आपल्याकडची नव्हती. १९८३ मध्ये फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. दुप्पट वातावरणीय दाबाच्या बंद कक्षात शुद्ध ऑक्सिजन दिल्याने काही रुग्णांना लाभ झाल्याचे तिच्यात दिसले. ब्रिटनमध्ये रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांनी एकत्र येऊन असे कक्ष बसवलेली केंद्रे उभारली. पुढील चाचण्यांनी मात्र या आशेला दुजोरा दिला नाही. १९८५ मध्ये बार्न्स आणि सहकाऱ्यांची १२० रुग्णांवरील चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि २००४ च्या कॉक्रेन समीक्षेने सर्व पुरावा तपासून या उपचाराचा सातत्यपूर्ण लाभ दिसत नाही, असा निर्वाळा दिला. ‘ऑक्सिजन म्हणजे जीवन, म्हणून अधिक ऑक्सिजन म्हणजे अधिक जीवन’ हे अनुमान इंग्रजी भाषेतही चालत होते, हे येथे मान्य केले पाहिजे. मराठीत ते नावातच बसलेले आहे, एवढाच फरक.

उलट दिशेचा मार्ग एका वेगळ्याच प्रश्नातून निघाला. गॉर्डन मिचेल आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत श्वासाच्या मज्जानियंत्रणाचा अभ्यास करत होते. उंदरांना काही मिनिटे कमी ऑक्सिजनची हवा, मग नेहमीची हवा, पुन्हा कमी ऑक्सिजनची, अशी आवर्तने दिल्यावर श्वासपटलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे संदेश बळकट होतात, आणि प्रयोग संपल्यानंतरही दीर्घकाळ बळकट राहतात, असे आढळले. १९९६ मध्ये बाख आणि मिचेल यांनी या परिणामाला सेरोटोनिन हे द्रव्य लागते असे दाखवले. २००४ मध्ये त्यापुढील दुवा, म्हणजे मज्जापेशींच्या वाढीस व जोडणीस मदत करणारे बीडीएनएफ हे प्रथिन, पुढे आला. विशेष असे, की तेवढाच वेळ सलग कमी ऑक्सिजन दिला तर हा परिणाम दिसत नाही. तो येतो खंडित आवर्तनांतून. मज्जासंस्था जणू वायूचे मोजमाप करत नाही, फेरबदलाची नोंद घेते.

त्यानंतर मज्जारज्जूला अपुरी इजा झालेल्या माणसांवर प्रयोग झाले. २०१२ मध्ये ट्रम्बोवर आणि सहकाऱ्यांनी एका सत्रानंतर घोट्याच्या स्नायूंचे बळ तात्पुरते वाढल्याचे नोंदवले. २०१४ मध्ये हेज आणि सहकाऱ्यांच्या १९ जणांवरील अभ्यासात सलग पाच दिवस, रोज १५ वेळा, दर वेळी ९० सेकंद सुमारे ९ टक्के ऑक्सिजनची हवा आणि मध्ये एकेक मिनिट साधी हवा दिली गेली. चालण्याचा वेग व अंतर यांत सुधारणा दिसली, आणि चालण्याचा सराव जोडल्यावर अंतरातील लाभ अधिक झाला. ९ टक्के ऑक्सिजन म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगावयाचे तर किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला दीड मिनिटासाठी सुमारे साडेसहा हजार मीटर उंचीच्या हिमशिखरावर नेऊन परत आणण्यासारखे ते आहे. एमएसमध्येही मज्जामार्ग पूर्णपणे तुटलेले नसतात, उरलेले मार्ग बळकट करता येतील, या तर्काने पुनर्वसन-संशोधकांनी या रुग्णांच्या छोट्या गटांवर हीच पद्धत तपासण्यास आरंभ केला. ती रोग बरा करण्यासाठी नव्हे, तर व्यायामाला शरीराने अधिक चांगला प्रतिसाद द्यावा यासाठी आहे. मोठ्या, दीर्घ मुदतीच्या चाचण्यांनी ती अद्याप सिद्ध झालेली नाही. शिवाय मात्रा बदलली की औषधाचे विष होते: झोपेत वारंवार श्वास अडखळण्याच्या विकारात रात्रभर ऑक्सिजनचे चढउतार होतात, आणि त्यांनी रक्तदाब व हृदय यांची हानी होते. घरी नाक दाबून वा पिशवीत श्वास घेऊन अनुकरण करण्याजोगा हा विषय नव्हेच.

या ठिकाणी एक मोह अनेकांना होईल: ‘आमच्या ऋषींना कुंभकाचे हे रहस्य ठाऊकच होते!’ कुवलयानंदांचा आदर करावयाचा तर हा मोह टाळला पाहिजे. कुंभकात कर्बद्विवायू साचतो, या उपचारात साचत नाही. कुंभकाने रक्तातील ऑक्सिजन या उपचाराइतका आणि त्याच ठरावीक आवर्तनांत खाली जातो, असे गृहीत धरता येणार नाही. मोजल्याशिवाय बोलू नये, हाच लोणावळ्याच्या प्रयोगशाळेचा धडा आहे. मात्र एका मुद्द्यावर कुवलयानंदांची दृष्टी आजही मार्गदर्शक ठरते. श्वासाचा अभ्यास करताना फुप्फुसात किती हवा भरली याकडे न पाहता मज्जासंस्था त्यातून काय शिकते याकडे पाहावे, असे त्यांनी सुचवले होते. मिचेल यांच्या उंदरांनी त्यांचे प्राणायामाविषयीचे विधान सिद्ध केलेले नाही. पण प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता, एवढे निश्चित दाखवले आहे.

मग ‘प्राणवायू’ हा शब्द सदोष आहे काय? २०२१ चा एप्रिल महिना आठवला की असे म्हणवत नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील कळंबोली येथून सात रिकामे टँकर घेऊन देशातील पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ विशाखापट्टणमकडे निघाली. धरमतर खाडीकाठच्या डोलवी येथील पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजन राज्यातील रुग्णालयांकडे जात होता. लोखंड वितळवण्यासाठी बनणारा वायू माणसांकडे वळवला गेला. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांनी ‘प्राणवायू’ लिहिले, तेव्हा त्या शब्दात अतिशयोक्तीचा लवलेश नव्हता. ज्याच्या रक्तात ऑक्सिजन उरलेला नाही, त्याच्यासाठी तो प्राणच आहे.

तेव्हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. ज्या शब्दाला दोन शास्त्रांचे वारसे आहेत, तो वापरताना कोणता वारसा चालू आहे एवढे स्वतःला विचारावे लागते. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या तोंडावरील नळीत जो प्राणवायू आहे, तो लाव्हाझिएचा ऑक्सिजन. तेथे मात्रा, दाब आणि टक्केवारी यांचीच भाषा बोलली पाहिजे. प्राणायामाच्या ग्रंथांतील प्राणवायू निराळा. त्याला सिलिंडरच्या हिशेबात ओढले की दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. पारिभाषिक शब्दांचा अभ्यास मराठीच्या अभ्यासक्रमात बहुधा शुद्धता, सुबोधता आणि संस्कृतप्राचुर्य या प्रश्नांपुरताच राहतो. शब्द रुळला की नाही, एवढे आपण विचारतो. रुळलेल्या शब्दाने समाजाला काय विचार करावयास लावले, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि ‘प्राणवायू’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

हा प्रश्न केवळ वर्गापुरता नाही. एमएसच्या रुग्णाच्या घरी येणारा प्रत्येक सल्ला कोणत्या ना कोणत्या शब्दाच्या पाठीवर बसून येतो. उद्या कमी ऑक्सिजनच्या उपचाराची बातमी मराठीत येईल, तेव्हा ‘प्राणवायू रोखून आजार बरा’ असा मथळा देणे सर्वांत सोपे असेल, आणि सर्वांत घातकही. त्याऐवजी किती टक्के, किती सेकंद, कितीदा, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती जणांवर तपासलेले, हे पाच प्रश्न मराठीत नीट विचारता आले, तर लोणावळ्यात नव्वद वर्षांपूर्वी सुरू झालेले काम आपण भाषेच्या बाजूने पुढे नेले असे होईल. त्या प्रश्नांसाठी लागणारे शब्द आपल्याकडे आहेत. ते जपून वापरावयाचे आहेत.